एकाच पेलेटची दोन क्युरी तापमाने: बेरियम टायटनेटच्या रामन मोजणीतले एक प्रकरण

कोल्हापुरातल्या एका पदव्युत्तर भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत बेरियम टायटनेट या स्फटिकी पदार्थाची एक पेलेट (पावडर दाबून भाजलेली चकती) दोन मोजण्यांतून गेली. तापवताना पदार्थाची विद्युत-धारकता बघणाऱ्या डायइलेक्ट्रिक मोजणीने क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर स्फटिकाची मांडणी चतुष्कोणीयाची घनीय होते ते तापमान, १२१ अंश सेल्सिअस दाखवले. अणूंच्या कंपनांमुळे लेसरचा विखुरलेला प्रकाश किती सरकतो ते बघणाऱ्या रामन मोजणीत मात्र चतुष्कोणीय अवस्थेची खूण असलेली रेषा ९८ अंशांनाच मावळली. पेलेट तीच, पृष्ठभाग तोच, आणि तफावत २३ अंशांची. वहीत तिचे कारण असे लिहिले गेले: “पृष्ठभागावरील कण लहान असल्याने क्युरी तापमान घटले.” कारण शास्त्रीय वाटते, पण ते चुकीचे होते. ते कुठे चुकले आणि खरे कारण कसे सापडले, याचा हा तपशील. प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेले आहे. त्यातल्या मोजणीचे आकडे अशा उपकरणांवर दिसतात त्याच मापाचे आहेत, हिशेब सोपा जावा म्हणून गोल केलेले. पदार्थाचे गुणधर्म आणि स्थिरांक नेहमीचे, मान्य असलेले आहेत.

पेलेट

१० ग्रॅम बेरियम टायटनेटसाठी ८.४६३ ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि ३.४२५ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड लागते. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की पावडरी ओव्हनमध्ये वाळवून लगेच तोलल्या नाहीत तर प्रमाण सुरुवातीलाच बिघडते. मिश्रण दळून ११०० अंशांना ४ तास भाजले, पुन्हा दळले, बाइंडर म्हणून थोडे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातले, १० मिलिमीटरच्या डायमध्ये दाबले आणि १३०० अंशांना सिंटर केले, म्हणजे कण एकमेकांना घट्ट जुळेपर्यंत भाजले. घनता घन सेंटीमीटरमागे ५.७ ग्रॅम आली. सैद्धांतिक घनता ६.०२ धरली तर ती ९५ टक्क्यांच्या आसपास बसते. इथवर सगळे ठीक होते. पेलेट १.५ मिलिमीटर जाड होती. दोन्ही बाजू घासून ती १.२ वर आणली आणि चकचकीत केली. घासल्यावर रंग मलईसारखा न राहता फिकट राखाडी दिसला. वहीत त्याची नोंद होती, पण त्यावर कोणी थांबले नाही. प्रकरणाची किल्ली याच नोंदीत होती.

वर्णपटात काय बघायचे असते

बेरियम टायटनेटच्या एका एकककोशात ५ अणू असतात, म्हणजे १५ कंपने. त्यांपैकी ३ ध्वनिक (सगळे अणू एकत्र सरकतात) आणि १२ प्रकाशीय (अणू एकमेकांविरुद्ध हलतात). क्युरी तापमानाच्या वर जालक घनीय असते आणि प्रत्येक अणू सममितीच्या केंद्रावर बसलेला असतो. अशा मांडणीत बाराही प्रकाशीय कंपने विषम (केंद्रातून उलटवल्यावर चिन्ह बदलणारी) ठरतात, तर रामन प्रकीर्णनाला सम कंपन लागते. त्यामुळे नियमाने घनीय अवस्थेत पहिल्या क्रमाची (एकाच कंपनाची) एकही रामन रेषा दिसायला नको. तापमान उतरले की टायटॅनियम केंद्रापासून सरकतो, एक अक्ष किंचित लांबतो (खोलीच्या तापमानाला ३.९९ आणि ४.०४ अँगस्ट्रॉम), केंद्र-सममिती मोडते आणि रेषा उघडतात.

या रेषांमध्ये सर्वांत कामाची ३०७ ची. (तरंगसंख्येचे एकक प्रति सेंटीमीटर आहे, पुढे नुसता आकडा दिला आहे.) घनीय अवस्थेतले एक कंपन पूर्ण मुके असते, म्हणजे ते ना रामनमध्ये दिसते ना अवरक्तात. चतुष्कोणीय अवस्थेत त्याचीच ३०७ जवळची टोकदार रेषा होते. म्हणून ती असणे-नसणे ही अवस्थेची चांगली खूण आहे. सोबत ७१५ च्या आसपासचा पट्टाही बघावा. २६० आणि ५२० चे रुंद पट्टे मात्र क्युरी तापमानाच्या वरही टिकून राहतात, आणि नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. “पट्टे गेले नाहीत, म्हणजे बदल अपुरा राहिला,” असा अर्थ काढला जातो. घनीय अवस्थेतही टायटॅनियम नेमक्या केंद्रावर स्थिर नसतो. तो केंद्राभोवतीच्या, कर्णांच्या दिशेतल्या जागांमध्ये विस्कळीतपणे वावरतो. सरासरी मांडणी घनीय, पण जागोजागची मांडणी तशी नाही, म्हणून हे पट्टे उरतात. अवस्थेचा निवाडा त्यांच्यावरून करू नये.

१८० जवळ एक खळगा दिसतो. दोन कंपनांच्या परस्पर-व्यतिकरणातून तो येतो, तेव्हा त्याला शिखर समजून वक्र बसवू नये. १०६० ला बारीक टोकदार रेषा दिसली तर बेरियम कार्बोनेट शिल्लक आहे, आणि ६३६ ला दिसली तर षट्कोणी बेरियम टायटनेट तयार झाले आहे. या पेलेटमध्ये दोन्ही नव्हत्या.

मृदू कंपनाबद्दल थोडे. १९४० मध्ये रामन आणि नेडुंगडी यांनी क्वार्ट्झ तापवत त्याची २२० जवळची रेषा पाहिली, आणि ५७३ अंशांच्या अवस्थांतराकडे जाताना ती मूळ रेषेकडे, म्हणजे टाकलेल्या प्रकाशाच्या स्वतःच्या रेषेकडे, सरकत पसरत जाते हे नोंदवले. अवस्थांतराजवळ एखादे कंपन ढिले पडत जाते ही कल्पना कॉक्रन आणि अँडरसन यांनी १९६० च्या सुमारास सिद्धांतात बांधली, त्याच्या २० वर्षे आधी ती भारतीय प्रयोगात दिसली होती. लेड टायटनेटमध्ये असे कंपन खोलीच्या तापमानाला ८९ जवळ स्वच्छ दिसते आणि तापवताना खाली सरकताना पाहता येते. बेरियम टायटनेटमध्ये ते इतके अवमंदित (लवकर विझणारे) असते की रेषेऐवजी मूळ रेषेच्या कुशीतला रुंद उतार होऊन बसते. मूळ रेषेजवळचा प्रकाश कापणाऱ्या साध्या एज फिल्टरच्या उपकरणावर त्याच्या मागे लागण्यात वेळ जातो. या पदार्थासाठी ३०७ च धरावी.

पहिली मोजणी

लेसर ५३२ नॅनोमीटरचा, ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचे भिंग) ५० पटीचा, लांब कार्यांतराचा, अंकीय छिद्र (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचे माप) ०.५. नमुन्यावर शक्ती ५ मिलीवॅट. हीटिंग स्टेजचा (नमुना तापवण्याच्या मंचाचा) तळ चांदीच्या ठोकळ्याचा, तापमापक त्या ठोकळ्यात पुरलेला. प्रत्येक तापमानाला २ मिनिटे थांबून १० सेकंदांच्या ३ नोंदी. तापमान १० अंशांच्या टप्प्यांनी, आणि ९० ते १४० मध्ये २ अंशांच्या टप्प्यांनी वाढवले. सुरुवातीला सिलिकॉनच्या तुकड्यावर ५२०.५ ची रेषा जुळवून घेतली होती.

३०७ ची रेषा ९० पासूनच ओसरू लागली आणि तिचा निम्मा भाग ९८ ला गेला. १०४ नंतर काही उरले नाही. ओसरणे १४ अंशांवर पसरले होते. डायइलेक्ट्रिक शिखर मात्र इतके पसरट नव्हते. पदार्थ तोच असताना एका मोजणीत बदल अरुंद आणि दुसरीत रुंद असेल, तर लेसरच्या ठिपक्याखाली एकच तापमान नाही असा संशय घ्यायलाच हवा.

कणांच्या आकाराचे कारण एका गोष्टीवर टिकत नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण ८ ते १० मायक्रोमीटरचे दिसत होते. क्युरी तापमानावर आकाराचा ठसठशीत परिणाम दिसायला कण मायक्रोमीटरच्याही बरेच खाली लागतात. लेसरचा ठिपका सव्वा मायक्रोमीटरचा, म्हणजे एका वेळी एकाच कणाचा एक कोपरा बघत होता.

आधी साधे संशय

तापताना नमुना आणि ठोकळा दोन्ही फुगतात, काही मायक्रोमीटरनी का होईना नाभी सुटते आणि सगळाच वर्णपट मंदावतो. नुसती ३०७ ची उंची बघितली तर हेच अवस्थांतर वाटू शकते. म्हणून प्रत्येक तापमानाला नाभी पुन्हा जुळवावी, आणि रेषेचे क्षेत्रफळ ५२० च्या पट्ट्याशी भागून घ्यावे. जुन्या नोंदींतून असे गुणोत्तर काढले तरी ९८ चेच उत्तर आले. नाभीचा दोष नव्हता.

दुसरा संशय लोकसंख्या-घटकाचा, म्हणजे त्या तापमानाला कंपन किती उत्तेजित असते त्याचा. तापमान वाढले की स्टोक्स रेषेची (कंपनाला ऊर्जा देऊन आलेल्या प्रकाशाची) तीव्रता आपोआप वाढते. ३०७ साठी ३०० केल्विनला घटक १.३० आणि ४०० केल्विनला १.५०, म्हणजे बदल काहीच नसताना १५ टक्के वाढ. ती भागून काढली नाही तर ओसरण्याचा उतार फसवा दिसतो. ती काढल्यावर वक्राचा आकार सुधारला, पण त्याची जागा फारशी हलली नाही.

पार्श्वभूमी वजा करताना वरच्या घाताची बहुपदी वापरली की ती २६० आणि ५२० चे रुंद पट्टे गिळून टाकते. इथे लोकसंख्या-घटक काढल्यानंतर १०० ते १००० मध्ये सरळ रेषाच पुरेशी ठरली.

मग डायइलेक्ट्रिकच्या १२१ वर तरी विश्वास का ठेवायचा? तिथे पेलेट छोट्या भट्टीत चारही बाजूंनी तापते, थर्मोकपल पेलेटला टेकलेले असते आणि वेग मिनिटाला १ अंश असतो. ते थर्मोकपल बर्फाच्या पाण्यात ० दाखवत होते आणि उकळत्या पाण्यात ९८.२. हा आकडा पाहून ते बिघडले असे वाटू शकते, पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या जरा वरच उकळते. १०० दाखवणारे थर्मोकपल इथे चुकीचे ठरले असते.

शक्ती बदलून

यानंतरची मोजणी फक्त लेसरची शक्ती बदलून केली. शक्ती ऑब्जेक्टिव्हच्या तोंडाशी पॉवर मीटर धरून मोजली. सॉफ्टवेअरमधला “१० टक्के” हा आकडा फिल्टर जुना झाला की खरा राहत नाही. शक्ती कमी केली त्या प्रमाणात वेळ वाढवला: ०.५ मिलीवॅटला १०० सेकंदांच्या ३ नोंदी. २ अंशांच्या टप्प्यांमधून जुळवलेल्या वक्रावर ३०७ निम्मी होण्याचे तापमान असे आले: ५ मिलीवॅटला ९८, २.५ ला ११२, १ ला १२०, ०.५ ला १२३. ओसरण्याची रुंदीही १४ वरून ४ अंशांवर आली.

आलेख जवळपास सरळ होता, मिलीवॅटमागे ५.६ अंशांचा उतार. म्हणजे लेसर नमुन्याला तापवत होता आणि स्टेज ९८ दाखवत असताना ठिपक्याखालचा पदार्थ क्युरी तापमान गाठून बसला होता. ५ मिलीवॅट हा आकडा ऐकायला किरकोळ, पण ०.५ अंकीय छिद्राने तो १.३ मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यात येतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरमागे पावणेचार लाख वॅट. बेरियम टायटनेट उष्णतेचा मंद वाहक आहे, मीटर-केल्विनमागे २ ते ३ वॅट. सगळा प्रकाश पृष्ठभागावरच शोषला गेला असता तर मिलीवॅटमागे दीडशे अंशांच्या घरात वाढ झाली असती. ५.६ म्हणजे त्याचे तीन-चार टक्के. शुद्ध पांढरे बेरियम टायटनेट हिरव्या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असते (पट्ट-अंतर, म्हणजे प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट), त्यात एवढेही शोषण व्हायला नको. इथे राखाडी रंगाची आठवण झाली.

पण आधी एका सापळ्याबद्दल थांबून लिहिणे भाग आहे. १ मिलीवॅटला उत्तर १२० आले आणि डायइलेक्ट्रिकचे १२१ आहे. बहुतेक जण इथेच वही मिटतील: शक्ती जास्त होती, कमी केली, उत्तर जुळले. तरी ते उत्तर चुकीचे आहे. ०.५ ला आकडा १२३ वर गेला, आणि आलेख शून्य शक्तीपर्यंत वाढवला तर १२६. लेसर पूर्ण बंद केल्याची कल्पना केली तर स्टेज १२६ सांगते, जे खऱ्या तापमानापेक्षा ५ अंशांनी जास्त. १ मिलीवॅटला लेसरचा दोष उत्तर खाली खेचत होता आणि दुसराच एक दोष ते वर ढकलत होता. दोघांनी एकमेकांना खाऊन टाकले. दुसऱ्या पेलेटवर, वेगळ्या रंगाच्या किंवा वेगळ्या जाडीच्या, तीच १ मिलीवॅट पुन्हा दगा देईल.

स्टेजचा दोष

स्टेजचा तापमापक ठोकळ्यात असतो आणि लेसर पेलेटच्या वरच्या पृष्ठभागावर. मध्ये १.२ मिलिमीटर मंदवाहक पदार्थ, तळाशी हवेची पातळ फट, वरून खिडकीपर्यंत थंड हवा. प्रयोगशाळेतला छताचा पंखा चालू असेल तर ही हवा सतत बदलत राहते. त्यामुळे पृष्ठभाग ठोकळ्यापेक्षा थंड राहतो. गुऱ्हाळात गुळव्या चुलवाणाच्या जाळावरून पाक ठरवत नाही, काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बघतो. इथेही पृष्ठभागालाच विचारावे लागते, आणि त्यासाठी ठरावीक तापमानाला वितळणारे पदार्थ हाताशी असतात.

पेलेटच्या वरच्या पृष्ठभागावर, जिथे लेसर पडणार तिथेच, बेन्झोइक आम्लाचा मोहरीपेक्षा लहान कण ठेवला. वर पातळ काच ठेवली, कारण बेन्झोइक आम्लाचे संप्लवन होते आणि त्याची वाफ ऑब्जेक्टिव्हवर बसली तर पुढचे आठ दिवस ते पुसण्यात जातात. लेसर बंद, फक्त कॅमेरा. तापवण्याचा वेग मिनिटाला १ अंश. बेन्झोइक आम्ल १२२.४ ला वितळते, कण वितळला तेव्हा स्टेज १२७.४ दाखवत होती. नॅफ्थलीन (८०.३) ८३.१ ला आणि इंडियम (१५६.६) १६३.४ ला वितळले. नॅफ्थलीन प्रयोगशाळेच्या बाटलीतलेच घ्यावे. बाजारातल्या डांबरगोळ्या पुष्कळदा पॅरा-डायक्लोरोबेन्झिनच्या असतात आणि त्या ५३ अंशांच्या आसपासच वितळून सगळा हिशेब बिघडवतात.

तिन्ही बिंदू एका रेषेवर आले. खोलीचे तापमान २७ धरले तर पृष्ठभाग खोलीपेक्षा जितका तापायला हवा त्याच्या ९५ टक्केच तापत होता. १२६ मधून २७ वजा करून ९५ टक्के घेतले आणि २७ परत मिळवले की १२१ येतात. डायइलेक्ट्रिकचे उत्तरही १२१. हे जुळणे खरे, कारण दोन्ही दोष वेगवेगळे मोजून काढून टाकल्यावर ते आले.

ही ५ टक्क्यांची तूट कमी करता येते. पेलेट पातळ करावी, ०.५ मिलिमीटरपर्यंत. तळाला पातळ शुद्ध चांदीचा मऊ पत्रा घालून वरून कडे दाबावे. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीचे काम घरोघर चालत असल्याने असा पत्रा मिळणे इथे अवघड नाही, आणि पितळी कडे उद्यमनगरातल्या लेथवर कातून घेता येते. पत्रा घालण्याऐवजी संगणकाच्या प्रोसेसरखाली लावतात ती पांढरी पेस्ट लावण्याचा मोह होतो. त्यात सिलिकोन तेल असते आणि त्याच्या रेषा ४९० आणि ७१० च्या आसपास पडतात. तापल्यावर तेल पाझरून कडेने वर आले की ७१५ चा पट्टा क्युरी तापमानाच्या वरही “टिकलेला” दिसतो. आपण ज्या खुणेवर भिस्त ठेवली तिलाच ते खोटे ठरवते.

तापमानाबरोबर न हलणाऱ्या रेषांचे आणखी एक उगमस्थान डोक्यावर असते. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची ५४६.१ नॅनोमीटरची हिरवी रेषा ५३२ च्या लेसरने मोजताना ४८४ जवळ येते, नेमकी ५२० च्या पट्ट्याच्या खांद्यावर. लेसरचे झडप बंद करून एक नोंद घेतली की ती ओळखू येते. खोली अंधारी करावी.

राखाडी रंग कुठून आला

दाबण्याआधी घातलेले पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ५०० ते ६०० अंशांना सावकाश जाळावे लागते. भट्टी मिनिटाला ५ अंशांनी सरळ १३०० ला नेली होती, मध्ये थांबा नव्हता. बाहेरचा थर जळून साफ झाला, गाभ्यात मात्र कार्बन अडकला आणि छिद्रे बंद झाल्यावर त्याने जालकातला ऑक्सिजन खाल्ला. ऑक्सिजन गेलेल्या जागांमुळे काही टायटॅनियम आयनांची संयुजा उतरते आणि पदार्थ प्रकाश शोषू लागतो. बाहेरून पेलेट मलईदार दिसत होती, ०.१५ मिलिमीटरचा थर घासल्यावर गाभा उघडा पडला. लेसर बदलून ७८५ नॅनोमीटरचा वापरणे हा यावर हमखास उपाय नाही. ऑक्सिजन हरवलेल्या टायटनेटचे शोषण तांबड्या-अवरक्त बाजूला वाढत जाते, त्यामुळे नमुना उलट अधिक तापू शकतो.

पेलेट हवेत १००० अंशांना १२ तास ठेवली. रंग मलईसारखा झाला. शक्तीची मालिका पुन्हा केली: उतार मिलीवॅटमागे ५.६ वरून ०.८ वर आला, आणि शून्य शक्तीचे उत्तर पुन्हा १२६. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. ऑक्सिजनच्या उणिवेने क्युरी तापमानच हलले असते तर शून्य शक्तीचे उत्तरही सरकले असते. ते सरकले नाही, म्हणजे राखाडी अवस्थेत दोष फक्त तापण्याचा होता. पुढच्या पेलेटसाठी ५५० अंशांना २ तासांचा थांबा घातला आणि तोवर वेग मिनिटाला १ अंश ठेवला.

ठिपक्याखालचे तापमान थेट

लेसरने नमुना तापतो हे शक्तीच्या मालिकेतून कळते, पण अवस्थांतर नसलेल्या तापमानालाही ते तपासता येते. प्रतिस्टोक्स (कंपनाकडून ऊर्जा घेऊन आलेल्या) आणि स्टोक्स रेषांच्या तीव्रतेचे गुणोत्तर तापमानावर अवलंबून असते. ३०७ च्या रेषेसाठी, ५३२ च्या लेसरने, फोटॉन मोजणाऱ्या शोधकावर, ३०० केल्विनला हे गुणोत्तर ०.२५३ येते. (घातांकाचा भाग ०.२२९, आणि वारंवारतेच्या घनाचा सुधार १.१०.) नमुना २७ अंशांनी तापला तर ते ०.२८६ होते. राखाडी पेलेटवर खोलीच्या तापमानाला ०.५ आणि ५ मिलीवॅटला घेतलेली गुणोत्तरे याच वाटेने सरकली. स्टेजच्या सुधारासह ९८ चे खरे ९४.५ होतात, म्हणजे क्युरी तापमानाजवळ लेसरची भर साडेसव्वीस अंशांची. दोन्ही हिशेब एकमेकांना धरून आहेत.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एज फिल्टर प्रतिस्टोक्स बाजू कापून टाकतो, त्यामुळे फक्त लेसरची रेषा कापणारा नॉच फिल्टर हवा. प्रकाश फोडणारी जाळी आणि शोधकाची संवेदनशीलता दोन्ही बाजूंना सारखी नसते, म्हणून निव्वळ आकडा न वापरता कमी शक्तीच्या गुणोत्तराशी तुलना करावी. ३०७ ही २६० च्या पट्ट्याच्या खांद्यावर बसते, तिथे वक्र बसवण्याची तऱ्हा दोन्ही बाजूंना एकच ठेवली नाही तर १३ टक्क्यांचा फरक त्या गोंधळातच हरवतो.

अंतिम मोजणी

पुन्हा भाजलेली पेलेट, ०.५ मिलिमीटर जाड, खाली चांदीचा पत्रा. पेलेट बदलली की वितळबिंदूंची मोजणी पुन्हा करावी लागते, ती केली. शक्ती १ मिलीवॅट, ५० सेकंदांच्या ३ नोंदी, प्रत्येक तापमानाला ८ मिनिटांचा थांबा, मग नाभी, मग नोंद. लेसर अर्धा तास आधी सुरू. लेसर, स्टेज आणि शोधकाचा शीतक युपीएसवर, कारण मोजणीच्या मध्येच वीज गेली तर स्टेज थंड होते आणि चढतीच्या वाटेवर उतरतीचे बिंदू मिसळतात. त्या दिवशी पंखा बंद. चढतीला ११० ते १३० मध्ये १ अंशाचे टप्पे, इतरत्र १० चे, आणि उतरतीला तेच. दोन्ही मिळून दहा-बारा तासांचे काम होते, तरी ते दोन दिवसांत वाटण्यापेक्षा चढती आणि उतरती एकाच पाळीत सलग घेण्याचा आग्रह धरावा. मध्ये रात्रभर खंड पडला तर पेलेट पुन्हा खोलीच्या तापमानाला येते आणि उतरती सुरूच होत नाही.

चढतीला ३०७ निम्मी होण्याचे खरे तापमान १२१ आले, उतरतीला ती ११७ ला परतली. बेरियम टायटनेटचे हे अवस्थांतर पहिल्या क्रमाचे आहे, म्हणजे मांडणी हळूहळू न बदलता एकदम उडी घेते, त्यामुळे चढती-उतरतीतला काही अंशांचा फरक अपेक्षितच असतो. डायइलेक्ट्रिक मोजणीतही तो तसाच दिसला. पहिल्या मोजणीत उतरती घेतलीच नव्हती. घेतली असती तर १४ अंश पसरलेल्या वक्रात हे ४ अंश दिसलेच नसते.

वहीतल्या जुन्या वाक्यावर रेघ मारली. त्याच्याखाली लेसरची शक्ती, ऑब्जेक्टिव्ह, पेलेटची जाडी आणि रंग, तीन वितळबिंदूंची स्टेजवरची वाचने आणि शून्य शक्तीचे उत्तर अशी नोंद केली. ५ मिलीवॅटच्या जुन्या वर्णपटांच्या फाइलवर स्टेजच्या तापमानापुढे पृष्ठभागाचे तापमान लिहिले: ९८ च्या जागी १२१.